पाच दारांचं घर

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून ठेवतो. लातुरात माझ्या ऑफिसबाहेर पाटी आहे, ‘उमाशंकर, परवानाधारक अभियंता’, पण गल्लीत विचाराल तर ‘तो तापट इंजिनिअर व्हय?’ म्हणून लोक वाट दाखवतील. तीस वर्षं घरांचे नकाशे काढतोय. लोक येतात, प्लॉटचे कागद टेबलावर टाकतात, म्हणतात पास करून द्या. मी देतो. पुढं ते नकाशाप्रमाणं बांधतात का मनाप्रमाणं, ते त्यांचं त्यांना आणि देवाला ठाऊक. घर झालं की वास्तुशांत, बुंदीचं जेवण, मला टॉवेल-टोपी, संपला विषय.

खरं तर विषय तिथं संपत नसतो. घर बांधून झालं की पालिकेला कळवायचं, त्यांच्या माणसानं येऊन मोजून बघायचं, आणि सगळं नियमात असलं तर ‘आता राहायला जा’ असं लिहून द्यायचं. भोगवटा प्रमाणपत्र म्हणतात त्याला. खोटं कशाला बोलू, माझ्याकडं राहत्या घरासाठी हा कागद आपणहून कुणी मागितला नव्हता. बँकेनं अडवलं तर एखादा मागायचा, तेही शिव्या देत.

आणि गेल्या चैत्रात, भर दुपारी, गंगम्मा आली.

पन्नाशी ओलांडलेली बाई. अंगावर इरकल, कपाळाला विभूतीचे पट्टे. मागं तिचा मुलगा महांतेश, हेल्मेट हातात धरून, चोरासारखा. त्याचं किराणा दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी त्याच्याच चार खोल्यांचा नकाशा मी पास करून दिला होता.

“तुमीच आमच्या घराचा नकाशा काढलाव न्हवं?” तिनं विचारलं.

“हाव.”

“घर झालं. आता कागद द्या.”

“कोणता कागद, अक्का? नकाशा दिला की.”

“घर पडनार न्हाई म्हनून सरकार लिहून देतंय, तो.”

मला हसू आलं. ती म्हणाली, “दात बघितले तुमचे. आता कागद दाखवा.”

मी वैतागलो. म्हटलं, बाई, असा कागद जगात कुणी देत नाही. भोगवटा म्हणजे फक्त एवढंच, की मंजूर नकाशाप्रमाणं बांधलंय आणि नियम मोडलेला नाही. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजे घरचा न्हाई असा मानूस येऊन बघतो का न्हाई?”

“बघतो.”

“मोजतो?”

“मोजतो.”

“सही करतो?”

“करतो हो.”

“मग तोच पायजे.”

शेवटी महांतेशनं मला बाहेर नेऊन सगळं सांगितलं. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचं किल्लारीकडचं गाव बसलं. आईबाप लातुरात आले ते पत्र्याच्या शेडमध्ये राहिले, आणि आजतागायत त्याच शेडमध्ये. गंगम्मा तेव्हापासून स्लॅबखाली एकदाही झोपली नव्हती. पाहुण्यांकडं लग्नाला गेली तरी हिचं अंथरूण अंगणात. शेडातही सगळे निजल्यावर ती पाठ टेकायची आणि जरा खुट्ट झालं की उठून बसलेली असायची. नवरा शिवप्पा पाच वर्षांपूर्वी वारला, तोही पत्र्याखालीच. आता महांतेशनं शेडला लागून पक्कं घर बांधलं, तर आई म्हणते, बाहेरच्या माणसानं बघून सही केल्याशिवाय मी आत निजणार नाही आणि माझ्या पोरीलाही निजू देणार नाही.

पोरगी म्हणजे अक्षरा, देगलूरला दिलेली. पहिलंच बाळंतपण, सातवा महिना चालू. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडं ठरलेलंच. पण तिचे सासरे वीरण्णा म्हणाले, या उन्हाळ्यात सुनेला पत्र्याखाली ठेवणार असाल तर आम्ही पाठवत नाही. आणि आठवा लागला की पोटुशी बाई गाडीत बसवत नाहीत. म्हणजे कागद यायला बावीस दिवस होते. नाही आला तर पोरगी सासरीच बाळंत होणार.

“अव्वा तोंडानं म्हनत न्हाई,” महांतेश म्हणाला, “पन तिला लई लागलंय, सर. शेडात सहा दुपटी शिवून ठेवलीत.”

मग मी दुसऱ्या दिवशी सकाळी टेप घेऊन गेलो. घर चांगलं दिसत होतं, फिकट पिवळा रंग, पुढं कडुलिंब. बाजूला वळलो आणि बोंबलाच! माझ्या नकाशात बाहेर उघडणारी दारं दोन, पुढचं आणि स्वैपाकघराचं. इथं पाच. दोन्ही झोपायच्या खोल्यांना बाहेर एकेक दार, आणि न्हाणीलासुद्धा. घराचं जोतं कमरेला लागेल एवढं, त्यामुळं प्रत्येक जादा दारासमोर चार-चार पायऱ्या, थेट कुंपणाच्या भिंतीकडं उतरलेल्या. बाजूला पाच फूट मोकळी जागा सोडायचा नियम आहे. त्यातली तीन फूट पायऱ्यांनी खाल्ली होती.

मी रामलिंग मिस्त्रीला फोन लावला. “दारं किती सोडलीस रे?”

“पाच सोडली, सायेब. तुमाला विचारलं की फोनवर, बाई दारं वाडवायला लावून राहिली म्हनून. तुमी म्हन्लाव, करून टाक.”

म्हणालो होतो. कुणाच्या तरी साखरपुड्यात पंगतीला बसलो होतो, एका हातात फोन, एका हातात पुरी. तीस वर्षं अशाच उंटावरून शेळ्या हाकल्यात मी.

“न्हाणीला दार कशाला, अक्का?” मी ओरडलोच.

“हाललं तर मानूस न्हाताना मरावं का?”

आता आमच्या धंद्यात यावर एक ठरलेला तोडगा आहे. मी तो तिला समजावून सांगितला. तीन दारांच्या पायऱ्या उचलायच्या, दारात विटा रचायच्या, वरून गिलावा आणि रंग मारायचा. साहेब येतो, नकाशा जुळतो, कागद मिळतो. मग सावकाश विटा फोडायच्या. आठ दिवसांचं काम. सगळे करतात.

“आठ दिवस दारं बंद?”

“फक्त आठ दिवस.”

“आन त्या आठ दिवसात हाललं तर?”

“अक्का, तीस वर्षांत हाललं नाही, आठ दिवसात कसं—”

“ह्याच्या आधीबी कवा हाललं न्हवतं.”

ती कडुलिंबाखाली बसली आणि मलाही बस म्हणाली. तिनं रडून-बिडून सांगितलं नाही, भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

“आमचं माळवदाचं घर. दगड-मातीच्या भिंती, ह्या हातापासून त्या हातापस्तोर जाड. सासऱ्याला लई अभिमान. म्हनायचे, हत्ती धडकला तर हत्ती मरंल. खोलीला दार एक, आत वडायचं. पहाटं हाललं. मी पोरगी उचलली आन दारापस्तोर आले बी. मालक पलीकडून ढकलून राहिलते, मी अलीकडून वडून राहिलते. चौकट बसली व्हती. न्हाई उघडलं. वरून माती आली. मला दुपारी काढलं. माझी पैली. अकरा म्हैन्याची व्हती.”

मी हातातला टेप गुंडाळून खाली ठेवला.

“मी एवढी वर्षं एकच गोष्ट मनात घोळवते,” ती म्हणाली. “आमच्या त्या घराला कुनी कवाच बघितलं न्हवतं. बांधलं आजानं, राहिलो आमी. दगड किती, माती किती, दार कुनीकडं उघडतंय, एका मानसानं इचारलं न्हाई. एकानं जरी येऊन बघितलं असतं, म्हनला असता, बाई, ह्या दारानं तू मरशील, तर मी त्याच दिवशी दार काढून टाकलं असतं. म्हनून मला बघनारा मानूस पायजे. आन तुमी म्हन्ता, त्याच्याफुडं दारं झाकून ठेवू.”

खरं सांगतो, मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. तिला कागद हवा होता आणि दारंही हवी होती, आणि माझ्या हिशेबी दोन्ही एकत्र मिळत नव्हतं. मी अर्ज टाकला, जसं आहे तसं दाखवायचं ठरवलं आणि साहेब कोण येतो याची वाट बघत बसलो.

आली प्रियदर्शनी. रेणापूरची पोरगी, जेमतेम अठ्ठावीसची, स्कूटीवर, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. तिचं नाव ऐकूनच माझी पाचावर धारण बसली. दोनच महिन्यांपूर्वी तिनं माझी एक फाईल परत केली होती, नऊ इंचांसाठी. तिच्याकडं लाल ठिपका टाकून अंतर सांगणारं यंत्र होतं. तिनं सगळं घर मोजलं, चहाही घेतला नाही. शेवटी बाजूच्या पायऱ्यांपाशी उभी राहिली.

“तीन दारं जादा आहेत. बाजूच्या मोकळ्या जागेत पायऱ्या आहेत. सर, असं प्रमाणपत्र देता येणार नाही, हे तुम्हाला माहीत नाही का?”

“माहीत आहे,” मी म्हणालो.

“मग अर्ज कशाला केलात?”

मी काही बोलायच्या आत गंगम्मा पुढं आली. “बाई, तुमी मोजलं. आता मी मोजते. बघताव का जरा?”

ती शेडात गेली आणि दुपट्यात गुंडाळलेलं एक गाठोडं छातीशी धरून घेऊन आली. मला वाटलं, साहेबांना द्यायला घरची डाळ आणली, आता झाली बोंब. पण ती गाठोडं घेऊन मागच्या खोलीत गेली. तिनं चटई अंथरली, गाठोडं कुशीत घेऊन आडवी झाली आणि पदरानं स्वतःचे डोळे घट्ट बांधले.

“तुमी ‘हाललं’ म्हना,” ती म्हणाली. “कवाबी म्हना. लगेच नगा म्हनू.”

आम्ही तिघं भिंतीला टेकून उभे. पंख्याचा आवाज तेवढा. प्रियदर्शनीनं माझ्याकडं पाहिलं, मी महांतेशकडं. त्यानं मान खाली घातली होती. शेवटी मीच म्हणालो, “हाललं.”

मी ‘ललं’ म्हणेपर्यंत ती उठली होती. पंचावन्नच्या आसपासची बाई, एरवी गुडघ्यावर हात टेकून उठायची. एक हात गाठोड्याखाली, दुसरा वरच्या टोकाला. गाठोड्याला काही डोकं नव्हतं, पण तिचा हात डोक्याखालीच गेला होता. माहेर कानडी मुलखातलं, ती कानडीत मोजत होती, “वंदु, एरडु, मूरु,” खांद्यानं दार ढकललं, “नाल्कु,” पायऱ्या, “ऐदु,” आणि उन्हात, भिंतीच्या कडेनं वळून उभी. गाठोडं पदरानं झाकलेलं.

मग ती परत आली, तशीच निजली, आणि या वेळी नकाशातल्या वाटेनं निघाली, मधल्या दारानं, बैठकीतून, पुढच्या दारानं. मी मोजलं. अकरा.

तिनं डोळे सोडले. “पाचाला मी भाईर. अकराला घर खाली.”

प्रियदर्शनीनं हात पुढं करून गाठोडं घेतलं. वजनानं तिचे हात जरा खाली गेले. “काय आहे यात?”

“जवारी. सात किलो.”

“सातच का?”

“तेवढीच व्हती ती.”

त्या पोरीचा चेहरा बघवत नव्हता. ती हळूच म्हणाली, “किती वर्षं करता हे?”

“एकतीस. जिथं निजायची पाळी येती तिथं आधी चालून बघती. जवारी दर साली नवी भरती, जुनी दळून खातो. अन्न कशाला नासवावं?”

मी सिव्हिल शिकलो, भूकंपावर कॉलेजात प्रश्न सोडवले, मार्क मिळवले. आणि ही बाई एकतीस वर्षं रोज पेपर देत होती, कुणी तपासायला नसताना.

मग प्रियदर्शनीनं जे केलं ते मला अपेक्षित नव्हतं. तिनं ओढणीनं स्वतःचे डोळे बांधले. गाठोडं उराशी धरलं आणि चटईवर जाऊन निजली. “सर, म्हणा.”

मी म्हणालो. ती धडपडत उठली, चाचपडत दारापर्यंत गेली, दार ढकललं, पहिली पायरी उतरली, दुसरीवर पाय सटकला आणि ती थेट समोरच्या कुंपणावर जाऊन आपटली. गाठोडं मात्र सोडलं नाही. कोपर चांगलंच खरचटलं. गंगम्मा धावली, हळद आणायला महांतेशला पिटाळलं.

प्रियदर्शनी पायरीवर बसून कोपरावर फुंकर घालत होती. थोड्या वेळानं म्हणाली, “अक्का, तुमची दारं बरोबर आहेत. पायऱ्या चूक आहेत. तुम्हाला पाठ झालंय, तुम्ही वळता. तुमची लेक वळणार नाही, ती माझ्यासारखीच भिंतीवर जाईल. आणि तीन दारांतून तीन माणसं एकदम निघाली तर या दोन फुटांत एकमेकांवर पडतील. पाच फूट मोकळी सोडा म्हणतात, ती यासाठीच. घर हाललं तर माणसाला उभं राहायला जागा पाहिजे. आग लागली तर शिडी लावायला पाहिजे.”

गंगम्मा त्या पाच फुटांकडं बघत राहिली, कुंपणापासून भिंतीपर्यंत, परत भिंतीपासून कुंपणापर्यंत.

“ह्यो नेम कुनी केला?” तिनं विचारलं.

“खूप जुना आहे. कुणी केला माहीत नाही.”

“त्या मानसानं कुठंतरी बघितलं आसंल,” गंगम्मा म्हणाली. “अडकून मेलेली मानसं बघितल्याबिगर आसं पाच फूट ध्यानात येत न्हाई.”

तीस वर्षं तो आकडा मी नकाशावर लिहीत आलो. गिऱ्हाईक म्हणायचं, सर, तीन फुटात भागवा ना, आणि मी भागवून द्यायचो. त्या आकड्यामागं कुणाची तरी पोरगी असेल, हे मला कधी सुचलं नव्हतं. त्या दोघी त्या रिकाम्या पट्ट्याकडं देवळात उभं राहिल्यासारख्या बघत होत्या आणि मीही बघत राहिलो.

निघताना प्रियदर्शनीनं स्पष्ट सांगितलं. दारं ठेवा. जसं बांधलंय तसा सुधारित नकाशा द्या, पायऱ्या भिंतीला लागून घ्या, नियमात बसेल तेवढ्याच रुंद. मी पुन्हा मोजायला येईन, आणि एक इंच जास्त भरला तर सही करणार नाही. गंगम्मा म्हणाली, “करूच नगा.”

बावीसातले तेरा दिवस राहिले होते. रामलिंग मिस्त्रीनं त्याच संध्याकाळी पायऱ्यांना घण लावला. मी तिथंच लिंबाखाली टेबल टाकलं. एवढी वर्षं मी प्लॉट बघून नकाशा काढत होतो. या वेळी एका बाईला चालताना बघून काढला. ती डोळे बांधून दारातून यायची, पाय कुठं पडतो तिथं रामलिंग खडूनं खूण करायचा, मी ती कागदावर घ्यायचो. पायऱ्या उजवीकडं उतरवायच्या का डावीकडं, हे तिच्या पायांनीच ठरवलं.

नवा नकाशा, अर्ज, सगळं तयार झालं. एका कागदावर फक्त माझी सही राहिली होती. मी पेन काढलं.

“काय लिहिलंय त्यात?” तिनं विचारलं.

“नेहमीचं असतं ते.”

“वाचा की.”

मी वाचलं. “सदर इमारतीचे बांधकाम माझ्या देखरेखीखाली पूर्ण झाले असून, ते मंजूर नकाशाप्रमाणे व सुरक्षित असल्याचे मी प्रमाणित करतो.”

“तुमच्या देखरेखीखाली,” ती म्हणाली. “कितीदा आलताव?”

पायाला एकदा, स्लॅबला एकदा. मी दोन बोटं वर केली. तिनं त्या बोटांकडं बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पेनचं टोपण लावलं आणि म्हणालो, “मला चार दिवस द्या.”

ओळखीच्या कॉलेजातून मी दोन यंत्रं मागून आणली. एक काँक्रीटवर ठोकून त्याची ताकद सांगतं, दुसरं भिंतीवर फिरवलं की आतली सळई सापडली तिथं पीं करतं. पहिल्या खांबाला यंत्र लावणार तेवढ्यात गंगम्मा आली आणि गिलाव्यावर बोट ठेवून म्हणाली, “हितं रिंग हाय.” यंत्र लावलं. पीं. तिनं बोट चार इंच वर सरकवलं. पीं. आणखी चार. पीं. खांबाच्या मधल्या भागात बोट सहा-सहा इंचांवर गेलं, आणि तिथंच यंत्र वाजत गेलं. बारा खांब, एकाही ठिकाणी तिचं बोट चुकलं नाही. मी आ वासून बघत होतो.

रामलिंग म्हणाला, “सायेब, आठ म्हैने छत्री घेऊन खुर्चीवर बसून व्हती बाई. खांबाला खालवर रिंगा जवळ का, मधी लांब का, सगळं माज्याकडनं वदवून घेतलं. एकदा पोरांनी एक रिंग गाळली. बाईनं भरलेला खांब फोडायला लावला.”

देखरेख तिची होती आणि सही माझी लागणार होती. चौथ्या दिवशी शेवटचा खांब झाला, आकडे सगळे चांगले आले, आणि मी सही केली.

प्रियदर्शनी परत आली. कोपराला पट्टी होती. तिनं यंत्र लावून सगळं पुन्हा मोजलं, आणि या वेळी चहा घेतला.

एकविसाव्या दिवशी प्रमाणपत्र मिळालं. मी ते मोबाईलवर पाठवलं नाही, स्वतः घेऊन गेलो. दुपारचे साडेबारा, रस्ता तव्यासारखा तापलेला. घरापुढं देगलूरची जीप उभी होती. अक्षरा लिंबाखाली खुर्चीवर बसलेली, घामानं निथळत, शेजारी वीरण्णा उपरण्यानं वारा घेत. अर्धा तास झाला होता म्हणे येऊन. पण कागद आल्याशिवाय गंगम्मानं कुणालाही उंबरा ओलांडू दिला नव्हता. वीरण्णांच्या कपाळावर आठ्या होत्या.

“वाचा,” ती मला म्हणाली.

मी उभ्यानंच वाचलं. जावक क्रमांक, दिनांक, प्लॉट, खोल्या, बाहेर उघडणारी दारं पाच, तपासणी केली, योग्य आढळले, वापरास परवानगी. खाली सही कुणाची, शिक्का कुणाचा. माझं नाव आलं तेव्हा ती म्हणाली, “पुन्यांदा.” मी पुन्हा वाचलं.

“संपलं?”

“संपलं, अक्का.”

तिनं कागद महांतेशच्या हातात दिला. अक्षरावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिचा हात धरून तिला आत नेलं, पलंगावर बसवलं, उशी पाठीशी दिली. वीरण्णांना आणि मला लिंबाचं सरबत दिलं. रिकामे पेले उचलून ठेवले. मग म्हणाली, “जरा पाठ टेकती,” आणि लेकीच्या पलंगाशेजारी उघड्या फरशीवर, हात उशाला घेऊन आडवी झाली. रिकामे हात. वर स्लॅब होता.

मला वाटलं, पाच मिनिटं. वीरण्णांचा निरोप घ्यायचा होता, जेवणं व्हायची होती. पण तिचा श्वास जड झाला, मग ती चक्क घोरायला लागली. अक्षरा तेवढं पोट सांभाळत पलंगावरून खाली उतरली आणि पुठ्ठ्यानं आईला वारा घालू लागली. महांतेशच्या हातून स्वैपाकघरात पातेलं पडलं, केवढ्यानं! आम्ही सगळे जागच्या जागी थिजलो. गंगम्मा नुसती कुशीवर वळली.

तास झाला. दोन झाले. रस्त्यावर जीपवाल्यानं हॉर्न दिला, तसे वीरण्णा, एवढा करड्या आवाजाचा माणूस, अनवाणी धावत बाहेर गेले आणि त्याला दोन्ही हातांनी जा, जा म्हणून खुणावू लागले. जीप गेली. ते पावलं न वाजवता परत आले आणि भिंतीला टेकून खाली बसले. त्या खोलीत मोठ्यानं श्वास घ्यायचीही मला भीती वाटत होती.

महांतेश दाराच्या चौकटीत उभा होता, हातात तो कागद तसाच. तो आईकडं टक लावून बघत होता. मग माझ्या कानाशी येऊन, अगदी लहान पोरासारखं, म्हणाला,

“सर, अव्वा झोपल्यावर अशी दिसती व्हय? मी आजपस्तोर बघितलंच न्हवतं.”